चौथ्या पट्ट्याचा गाळ

२ ऑगस्ट

सकाळी रस्ता गेला. वळणावरचा अख्खा तुकडा, कठड्यासकट, खालच्या झाडीत जाऊन पडला. मुकादम सांगायला वर आला तेव्हा मी पिंपातलं पाणी ढवळत होते. त्याने टोपी काढून पिळली आणि म्हणाला, "बाई, आता तुम्ही-आम्ही एका घरचे." पलीकडून पायवाट तरी काढता येईल का, असं विचारलं. म्हणाला, पाऊस थांबला तर. पाऊस थांबला तर सगळंच होईल.

म्हणजे आता या डोंगरावर खाली ओढ्याकाठी मुकादमाची आणि त्याच्या मजुरांची छावणी, वर आमचं दोन खोल्यांचं पत्र्याचं घर, शेजारी रोपं ठेवायची रिकामी शेड, आणि बाकी सगळा उतार. साखर, तांदूळ, बटाटे, रॉकेल पुरेसं आहे. माणूस मात्र गरजेपेक्षा एक जास्त आहे, असं मनात आलं. वही माझी आहे, तेव्हा लिहिते.

मी एकटीच येणार होते. डोंगराच्या एका बाजूची झाडं गेल्या वर्षी तोडून नेली, दुसऱ्या बाजूला जंगल जसंच्या तसं उभं आहे. कुठल्या बाजूने किती माती वाहून जाते ते मोजायचं, इतकं साधं काम. दोन्हीकडे तीन-तीन पट्टे आखलेत. प्रत्येक पट्ट्याच्या पायथ्याशी आडवी पत्र्याची पन्हळ, पन्हळीच्या तोंडाशी पिंप. पाऊस पडला की पन्हळीत गाळ साचतो. तो खरवडायचा, वाळवायचा, तोलायचा. आयुष्यभर दुसऱ्यांनी आणलेली माती प्रयोगशाळेत तपासली. या वेळी स्वतःच्या हाताने खरवडायची म्हणून हट्टाने हे काम मागून घेतलं.

तर लेक म्हणाली, "आई, एक तर बाबांना घेऊन जा, नाही तर तू जाऊ नकोस." जसा काही बाप घरात एकटा उपाशी मरणार होता. शाळेने त्याला मुदतीआधीच निरोप दिला, तेव्हापासून ती त्याला काचेच्या भांड्यासारखं जपते. हेडमास्तरांशी वाजलं असणार. विचारलं की तो खिडकीबाहेर बघतो. आता इथे येऊनही खिडकीबाहेरच बघतो. आल्या आल्या त्याला काम नेमून दिलं होतं: छपराच्या पन्हळीत पानं साचतात, ती काढत जा. बघू.

५ ऑगस्ट

पाऊस. साखरेचा डबा सापडेना. शेवटी माझ्या बुटांच्या फडताळात सापडला. मग दुपारी त्याने विचारलं, रस्ता कधी सुरू होतो? सांगितलं. संध्याकाळी परत विचारलं, रस्ता कधी सुरू होतो? मी म्हटलं, "मी काय रस्त्याची आई आहे?" तो हसला. पूर्वी असं म्हटलं असतं तर दोन दिवस बोलला नसता. म्हातारपणी मऊ झालाय म्हणायचा की निर्लज्ज, कळत नाही.

मुकादम चहाला आला होता. याने त्याला गणिताच्या तासाला झोपलेल्या मुलाचा तो विनोद सांगितला. मुकादम पोट धरून हसला. चहा संपायच्या आत याने तोच विनोद परत सांगितला. मुकादम परत हसला. भला माणूस आहे.

मोठ्या खडकावर चढलं की फोन लागतो, कधी कधी. लेकीशी बोलले. पावसाचं, रस्त्याचं सगळं सांगत होते, ती मध्येच म्हणाली, "बाबांना एकटं बाहेर पाठवू नकोस हं." मी विचारलं, माझं काय? म्हणाली, "तुझं काय, तू खंबीर आहेस." खंबीर असणं म्हणजे गाढव असणं. ओझं दिसलं की लोक तुझ्याकडेच बघतात.

७ ऑगस्ट

चौथा पट्टा मला चकवतोय.

पहिले तीन जंगलातले. तिथे गाळ जवळजवळ नाही, झाडं आणि पाचोळा सगळं धरून ठेवतात. तसंच व्हायला हवं. पाचवा आणि सहावा तोडलेल्या बाजूचे. तिथे पन्हळी काठोकाठ भरतात, पिंपात चहाच्या रंगाचं पाणी. तेही तसंच व्हायला हवं. पण चौथा? तोडलेल्या बाजूचा, सगळ्यात उभा, ट्रॅक्टरने ओंडके ओढून ओढून जिथे घळीसारखी नाळ पडली आहे तिच्या तोंडाशी. सगळ्यात जास्त गाळ तिथे यायला हवा. काल रात्रभर पाऊस कोसळला आणि सकाळी पन्हळ चाटून पुसून ठेवल्यासारखी. पिंप मात्र भरलेलं, म्हणजे पाणी येतंय. माती येत नाही.

माती घट्ट बसली असेल. किंवा तोडलेल्या झाडांच्या मुळांनी अजून धरून ठेवली असेल. झाड गेलं तरी मुळं दोन-तीन वर्षं मातीला सोडत नाहीत, हे मी प्रयोगशाळेत नव्या पोरांना शिकवलंय. नेमक्या याच नाळेत मुळांचं जाळं दाट असेल. हे खरं निघालं तर शोधनिबंध होईल, आणि तो माझा स्वतःचा असेल. आज बऱ्याच दिवसांनी जेवण गोड लागलं.

९ ऑगस्ट

मुकादमाने विचारलं, "बाई, त्या नाळेचं काय? माझी माणसं खाली झोपतात." चौथ्या पट्ट्याची नाळ छावणीच्या थोडी वर ओढ्यात उतरते. मी त्याला पन्हळ दाखवली. माती निसटायची असली की आधी गाळ वाढतो, इथे तर काहीच नाही, असं समजावलं. त्याने पन्हळीत बोट फिरवलं, बोटाकडे बघितलं. "म्हणजे घट्ट आहे?" "घट्ट आहे," मी म्हटलं.

ऑफिसातल्या आमच्या साहेबांना खडकावरून फोन केला. साहेब तिकडे कोरड्या खुर्चीत बसून उंटावरून शेळ्या हाकतात. छावणी हलवायची का म्हणून त्यांच्याकडे विचारणा आली होती. मी चौथ्या पट्ट्याचं सांगितलं. म्हणाले, मग राहू दे तिथेच, तुमच्या शब्दावर. माझ्या शब्दावर कुणी काही ठरवलंय असं फारसं कधी झालं नव्हतं. उतरताना पाय घसरला, कोपर सोललं, तरी बरं वाटत होतं.

१० ऑगस्ट

दिवसभर धुकं. खिडकीला गोधडी लावल्यासारखं. दोन खोल्या, ओले मोजे, रॉकेलचा वास, आणि तो. मी या टोकाला बसले की तो या टोकाला येतो. मी त्या टोकाला गेले की तिथे येतो. बोलत नाही, नुसता येऊन बसतो. मी वाळलेल्या मातीच्या पुड्या बांधत असते, तो माझ्या हाताकडे बघतो. एकदा म्हणाला, "छान बांधतेस." मला ओरडावंसं वाटलं.

लग्न झालं तेव्हापासून मी कुठेतरी एकटी जायचं म्हणत होते. आले एकदाची, आणि सोबत सगळं घर आलं.

१२ ऑगस्ट

सकाळी मी जंगलातल्या पट्ट्यांवर गेले. परत येते तर तो घरी नाही. शेडमध्ये नाही, खडकावर नाही. खाली छावणीपर्यंत उतरले. मुकादमाची बायको तिथला स्वयंपाक बघते. ती म्हणाली, इकडे नाही आले. दुपार कलल्यावर हा स्वतःच उगवला. कोपरापर्यंत चिखल, चष्म्यावर चिखल, एका पायात माझी चप्पल. कुठे होतास विचारलं तर म्हणाला, "काम होतं."

"कसलं काम?"

"तू दिलेलं."

चिखलात जायचं काम मी दिलं नव्हतं. हात धुवायला पाणी ओतलं. तो लहान मुलासारखे हात पुढे करून उभा राहिला. साबण दिला तर साबणाकडे बघत राहिला. मला राग आला. थट्टेला काही मर्यादा असते. मीच चोळून हात धुतले.

चौथा पट्टा आजही कोरडा.

१४ ऑगस्ट

आज कळलं.

पाऊस जरा उघडला म्हणून नेहमीपेक्षा लवकर तोडलेल्या बाजूला गेले. लांबूनच चौथ्या पट्ट्यापाशी कुणीतरी वाकलेलं दिसलं. तो होता. आमच्या स्वयंपाकघरातला भाताचा मोठा डाव घेऊन पन्हळीतला गाळ उपसत होता आणि मागे नाळेत फेकत होता. अगदी मन लावून. कोपरे बोटाने साफ करत होता. शेवटी सदऱ्याच्या बाहीने पत्रा पुसला, दोन पावलं मागे जाऊन बघितलं, फळा पुसून झाल्यावर बघायचा तसं.

मी विचारलं, "हे काय करतोयस?"

"तुंबली होती गं. रोज तुंबते." खूश होता. "तूच म्हणालीस ना, पन्हळ साफ ठेव."

छपराची म्हटलं होतं मी. छपराची. मी तिथेच ओल्या मातीत बसले. इतके दिवस मी डोंगर मोजतच नव्हते. मी त्याची साफसफाई मोजत होते. त्याच मोजमापावर मी साहेबांना शब्द दिला, मुकादमाला शब्द दिला. पाचवी आणि सहावी का नाही साफ केलीस, असंही विचारलं, कशाला ते देव जाणे. म्हणाला, "तिकडची वाट चुकते."

मग मी बोलले. जे जे आजवर बोलले नव्हते ते सगळं. माझं कधी काही होऊ द्यायचं नाही, असं तुझं कायम आहे. माझ्या वेळेला तुझी बदली निघाली, माझ्या वेळेला तुझी आई आजारी पडली, आणि आता हे. जाणूनबुजून केलंस. गणित शिकवणाऱ्या माणसाला छप्पर आणि डोंगर यातला फरक कळत नाही? तो डाव हातात धरून ऐकत होता. माझं संपल्यावर म्हणाला, "तू दमलीस. घरी जाऊया." आणि घराच्या उलट्या दिशेला चालू लागला.

हात धरून घरी आणलं. रोपांच्या शेडमध्ये किल्लीसकट एक कुलूप पडलं होतं, ते आणून घराच्या दाराला लावलं. उद्यापासून मी पट्ट्यांवर जाताना दार बंद राहील. त्याशिवाय माझं काम होणार नाही. त्याने मला अडकवलंय, मी त्याला नाही.

१५ ऑगस्ट

कुलूप लावून गेले. एका रात्रीत चौथ्या पन्हळीत पाचव्या-सहाव्याच्या दुपटीने गाळ. पन्हळ एका बाजूला कलली होती, खुंट्या उपटून आल्या होत्या. आणि गाळ वरच्या काळ्या मातीचा नव्हता. पिवळा, खोलातला, बोटांना शाडूसारखा चिकटणारा. वरची माती वाहत असेल तर ती नुसती धूप. खालचा पिवळा थर येऊ लागला म्हणजे डोंगर आतून सुटतोय.

नाळेच्या कडेने वर चढले. मुळं धरून वर गेले, ती हातात तुटून येत होती. आत कुजलेली, ओल्या पुठ्ठ्यासारखी. माझा निबंध. वर कड्यापाशी उताराला आडवी भेग. त्यात हात घातला, खांद्यापर्यंत गेला. तळ लागला नाही. आत पाणी वाजत होतं.

तशीच छावणीत उतरले. मुकादम ताडपत्री बांधत होता.

"मुकादम, माणसं हलवा. वर शेडमध्ये या."

"काय झालं?"

"नाळ सुटणार."

त्याने गाठ पुरी मारली. "बाई, परवा-परवा तुम्हीच म्हणालात घट्ट आहे."

"चुकलं माझं."

"कसं काय चुकलं?"

मी सांगितलं नाही. नवऱ्याने भाताच्या डावाने माझी पन्हळ पुसली, हे कसं सांगणार? म्हटलं, मोजमापात गफलत झाली. त्याने ओढ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "शेडला एका अंगाला भिंत नाही. दोघांना ताप आहे. आज रात्री इथेच काढतो, उद्या उजेडी शेड बांधून घेतो आणि वर येतो." मी अजून आग्रह करायला हवा होता. पण ज्या तोंडाने घट्ट म्हटलं त्याच तोंडाने काय बोलणार? फोन मेलेला.

परत आले तेव्हा तो दाराशी बसला होता, आतून. म्हणाला, "बाहेर जायचं दार कुठलं?" घराला बाहेरचं दार एकच आहे.

१७ ऑगस्ट

काल काय झालं ते आज उजेडी लिहितेय. घरात बसायला जागा नाही. मी चुलीजवळच्या कोपऱ्यात आहे, गुडघ्यावर वही.

काल सकाळी पाऊस होताच. मुकादमाची चार माणसं पहाटेच शेडला ताडपत्री बांधायला वर आली होती. मी कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि निघाले. खिडकीशी तो उभा होता, दोन्ही हातांनी गज धरून. म्हणाला, "अगं, नळ बंद केलास का तू?"

मी म्हटलं, "आपल्याकडे नळ नाही." आणि चालू लागले.

त्याने मागून परत हाक मारली. "मग आवाज का गेला? पाण्याचा आवाज होता ना इतके दिवस."

दहा-बारा पावलं मी त्याच्यावर चिडूनच टाकली. मग थांबले. पत्र्यावर पाऊस वाजत होता, झाडांवर वाजत होता. त्याखालचा तो मोठा आवाज, दिवसरात्र ऐकून जो ऐकू येईनासा झाला होता, तो नव्हता. ओढा गप्प होता. एवढ्या पावसात ओढा गप्प कसा असेल?

माझ्या पुस्तकांत हे एका ओळीत आहे. पाऊस चालू असताना ओढा आटला, तर वर कुठेतरी दरड येऊन पडलीय आणि तिच्यामागे पाणी साठतंय. ही ओळ मी कितीदा वाचली असेल. शेडवरच्या माणसांना म्हटलं, चला, खालच्यांना वर आणायचंय. आणि धावत सुटले. धावले म्हणजे पडले, उठले, बसून घसरले.

छावणीत चहा चालला होता. भांडी घासायला गेलेल्या दोघी हातात तशीच खरकटी भांडी घेऊन परत येत होत्या. एक म्हणत होती, "पाणीच गेलं बाई, नुसते दगड." मुकादमाने माझ्याकडे पाहिलं, मग ओढ्याच्या ओल्या, उघड्या दगडांकडे पाहिलं. दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली, आणि म्हणाला, "काही घ्यायचं नाही. अंगावरच्यानिशी वर."

तापाच्या दोघांना पाठुंगळी घेतलं. मुकादमाची बायको पिठाचा डबा उचलायला वळली, तर मुकादमाने तिच्या दंडाला धरून ओढलं, डबा कलंडला. आम्ही झाडीतून वर चढत होतो. आधी वास आला. विहीर खणताना येतो तसा, खोल मातीचा. मग पायाखाली थरथर. मग आवाज, पण तो पाण्याचा वाटतच नव्हता. मी मागे वळले. नाळेच्या तोंडापासून खाली सगळं पिवळं येत होतं. त्यात ओंडके उभे, आडवे, आणि बैलाएवढे दगड कोरड्या लाकडासारखे तरंगत. छावणी पडताना मला दिसलीच नाही. होती आणि मग नव्हती. चुलीचा धूर मात्र क्षणभर तसाच हवेत होता.

मुकादमाने माणसं मोजली. पुन्हा मोजली. मग खाली बसला.

कुणी राहिलं नव्हतं. सगळे होते.

चढ संपून घरापाशी आलो, तेव्हा मला कुलूप आठवलं. तोपर्यंत एकदाही आठवलं नव्हतं. जर दरड या बाजूने आली असती, तर? सगळे थबकून उभे राहिले. पुढे मुकादम, त्याच्या मागे भिजलेली, चिखलाने माखलेली ती सगळी माणसं, दाराला बाहेरून मोठं कुलूप, आणि खिडकीत माझा नवरा. तो हसून म्हणाला, "दार उघडत नाहीये. बिजागरी अडकली असेल, जरा जोर लावा."

मुकादमाने कुलपाकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं नाही. ते न बघणंच मला लागलं. किल्ली भोकात जाईना. शेवटी त्याच्या बायकोने माझ्या हातातून घेतली आणि उघडलं.

"या, या," तो म्हणाला. "दाटीवाटीने बसा. मागच्यांनाही दिसलं पाहिजे." आणि माणसं खरंच बसली, रांगेत, भिंतीला पाठ लावून. त्याने एकेकाला टॉवेल दिला. टॉवेल संपले तेव्हा माझी वाळवलेल्या मातीची फडकी झटकून दिली. माझे सगळे नमुने जमिनीवर सांडले. मी बघत होते. मला काही वाटलं नाही.

१८ ऑगस्ट

मुकादमाची बायको बटाटे सोलत होती, मी शेजारी. तिने वर न बघता विचारलं, "ताई, सर कधीपासून असे आहेत?"

"असे म्हणजे?"

"माझ्या सासऱ्यांचं असंच सुरू झालं होतं. आधी वाट चुकायची. मग वस्तू. मग माणसं." एक बटाटा झाला, दुसरा घेतला. "आम्ही कमरेला दोरी बांधायचो, दुसरं टोक माझ्या मनगटाला. रागवायचे नाहीत. मीच रागवायची."

मी म्हटलं, तसं काही नाही, त्याला पावसाचा कंटाळा आलाय, पहिल्यापासून विसरभोळाच आहे. ती "हो का" म्हणाली. चांगल्या आवाजात म्हणाली.

दुपारी फोन लागला. साहेबांना सगळं सांगितलं, पन्हळीचंसुद्धा. ते म्हणाले, उद्या-परवा पलीकडून माणसं दोर घेऊन येतील. मग लेकीला लावला. ती रडली, सगळे वाचलात ना, ठीक आहात ना. मी विचारलं, "शाळेतून बाबांना का काढलं?"

"आई, तुझं जायचं ठरल्यावर मी दोनदा सांगायचा प्रयत्न केला. तू उठून गेलीस."

"आता सांग."

तिने सांगितलं. एकच गणित तासभर फळ्यावर पुन्हा पुन्हा लिहीत राहिला होता. मुलं आधी हसली, मग घाबरली. एकदा शाळेतून घरी यायला निघाला तो दुसऱ्या गावाच्या बसस्टँडवर सापडला. हेडमास्तर स्वतः घरी येऊन लेकीशी बोलले होते. मी तेव्हा प्रयोगशाळेत होते. लेक म्हणाली, "बाबांनी माझ्याकडून वचन घेतलं होतं. तुझं डोंगराचं काम पक्कं होईपर्यंत तुला कळू द्यायचं नाही म्हणाले. ती जायची थांबेल, म्हणाले."

खडकावरून उतरायला मला फार वेळ लागला.

२० ऑगस्ट

पलीकडून माणसं आली. तुटलेल्या वळणावर दोर बांधला, दरडीच्या अंगावर पाय ठेवण्यापुरती वाट खणली. एकेक जण दोर धरून निघाला. तापाची माणसं आधी, मग बाया. खाली उतरलो की सुटलो, असं सगळे म्हणत होते. मीही मान हलवत होते. कुठे सुटणार होते मी? खाली आमचं घर आहे, तेही दोन खोल्यांचंच.

आमची पाळी आली. तो दोराजवळ येऊन थांबला. मी म्हटलं, "चल."

त्याने माझ्याकडे बघितलं. ओळखीच्या माणसाकडे बघतो तसं नाही, शाळेत एखाद्या मुलाची आई भेटायला आली की बघायचा तसं, आदराने. म्हणाला, "तुम्ही व्हा पुढे. मला थांबायला हवं."

"कुणासाठी?"

"आमच्या बाई वर कामावर गेल्यात. त्यांना न सांगता कसा येऊ? त्या परत येतील आणि घरात कुणी नसेल." मग जरा जवळ येऊन हळूच म्हणाला, "तशा रागीट आहेत. पण काम फार मोठं आहे हो त्यांचं. अख्खा डोंगर मोजतायत."

मुकादम मागे दोर धरून उभा होता. त्याने तोंड फिरवलं. पलीकडून कुणीतरी लवकर करा म्हणून हाक दिली, पाऊस परत भरून येत होता. मी त्याला ओढून नेऊ शकले असते. परवापर्यंत तेच केलं असतं. मी म्हटलं, "मला त्यांनीच पाठवलंय. तुम्हाला घेऊन ये म्हणाल्या."

"असं?" त्याचा चेहरा मोकळा झाला. "मग ठीक आहे."

त्याने हात पुढे केला. मी धरला. अर्ध्या वाटेत पायाखालची माती अजून ओली होती, दर पावलाला थोडी थोडी खाली जात होती. मी म्हणत होते, इथे पाय, आता इथे. तो म्हणेन तिथे ठेवत होता. एका जागी श्वास घ्यायला थांबलो, तेव्हा त्याने विचारलं, "कशा आहेत आमच्या बाई?"

"थकल्यात," मी म्हटलं.

"हं," तो म्हणाला. "मला वाटलंच." आणि माझा हात आणखी घट्ट धरला.